अक्कांचं नाव आणि दाढीवाल्याचा सिनेमा

आमच्या इमारतीत बातमी तळमजल्यावर जन्माला येते आणि जिना चढता चढता वयात येते. ही बातमी निघाली तेव्हा एवढीच होती, की वरच्या मजल्यावरच्या अक्कांचं नाव नव्या सिनेमात कुठे दिसलं नाही. पहिल्या मजल्यावर तिला पाय फुटले : अक्कांना काढून टाकलं. दुसऱ्या मजल्यावर अक्कांचे हात थरथरायला लागले. आमच्या दाराशी पोचली तेव्हा अक्कांचे दोन्ही कान गेले होते आणि दिग्दर्शकाने त्यांना भर स्टुडिओत 'आता घरी बसा' असं सुनावलं होतं. मीही तिला थोडं तिखटमीठ लावून पुढे पाठवणार होतो. पण आमच्या वर फक्त अक्काच राहतात, त्यामुळे पाठवायला कुणी उरलं नाही.

तेव्हा आधी दुरुस्ती. अक्कांचे हात थरथरत नाहीत. त्या रागावल्या असताना त्यांच्याकडून चहाचा कप घ्यायची वेळ आली तर आपलेच थरथरतात. कान असे, की मी आमच्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण हळूच उघडलं तरी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारतात, "डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुमचं?" आणि काढून टाकलं म्हणाल, तर नाव गेलं हे खरं. पण ते दुसऱ्या कुणी काढलेलं नाही. पोस्टरं छापून झाल्यावर, भांडून, हट्टाने, ते अक्कांनीच काढायला लावलं. जन्मभर खपून नाव मिळवलेल्या बाईला हे कुठून सुचलं, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. ज्याला घाई असेल त्याने तळमजल्यावरचीच बातमी घ्यावी, ती छोटी आहे.

अक्का सिनेमाला संगीत देतात, पण गाणी करत नाहीत. पडद्यावरची माणसं बोलायची थांबतात, दार उघडतं, कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसतं, तेव्हा मागे जे हळूच वाजत असतं ते अक्कांचं. पार्श्वसंगीत. गाणी म्हणजे घरचा जावई. आला की सगळे उठून उभे राहतात. पार्श्वसंगीत म्हणजे घरची सून. दिवसभर राबते, कुणाचं लक्ष नसतं, आणि ती माहेरी गेली की मग कळतं घर कोण चालवत होतं ते. अशा सुनेच्या कामातही अक्कांनी एवढी कीर्ती मिळवली, की लांबलांबची माणसं त्यांचं घर शोधत येतात.

घर मात्र त्यांना सापडत नाही. कारण दारावर पाटी आहे ती अक्कांच्या नवऱ्याची : 'येथे कवळ्या बनवून व दुरुस्त करून मिळतील.' आम्ही त्यांना कवळीभाऊ म्हणतो. फार कमी बोलतात, पण समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडात बघत बसतात. एकदा एक नावाजलेला नट अक्कांना भेटायला फुलं घेऊन आला. अक्का बाहेर गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा फुलं टेबलावर होती आणि नट तोंडात माप घेण्याचा मसाला धरून, डोळे मिटून खुर्चीत बसला होता.

बाहेरच्या खोलीत फळीवर पांढऱ्याफेक जबड्यांच्या रांगा. नवा माणूस आत आला की दचकतो, इतके जण एकदम आपल्याला हसतायत असं त्याला वाटतं. मधोमध अक्कांचं सगळ्यात मोठं पारितोषिक : धातूची एक जड बाई, हात वर करून उभी. साचा वाळताना वाकू नये म्हणून कवळीभाऊ तिला त्याच्यावर ठेवतात. आतली खोली अक्कांची. भिंतींना जाड पांघरुणं ठोकलेली, एक पियानो, एक चेलो (म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा), आणि एक मोठा पडदा.

अक्कांची काम करायची रीत ऐकून लोक हसतात. त्या सिनेमाचा आवाज पूर्ण बंद करतात आणि नटाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. पायांकडे बघतात. पाय दिसत नसतील तर खांद्यांवरून पायांचा अंदाज घेतात. माणूस थबकला कुठे, ओढत चालला कुठे, उगाच भरभर गेला कुठे, त्यावरून लय धरतात. "तोंडाला अभिनयाचे पैसे मिळतात," असं त्यांचं म्हणणं, "पायांना कोण देतं? म्हणून पाय खरं बोलतात." आणि त्या बसवलेल्या संगीताची परीक्षा व्हायची ती आमच्यावर. प्रसंग तयार झाला की अक्का इमारतीतल्या चारपाच जणांना बोलावतात. मी, आमची ही, तळमजल्यावरचे निवृत्त बस-कंडक्टर, पहिल्या मजल्यावरची ब्यूटी पार्लरवाली. चहा देतात, पडदा लावतात, आणि स्वतः पडद्याला पाठ करून खाली चटईवर बसतात. आमचे पाय बघत. चप्पल हलली की त्या प्रसंगात खोट आहे, परत करायचा. कितीतरी गाजलेले प्रसंग माझ्या डाव्या चपलेने नापास केलेले आहेत. पण त्याचं कुणी कौतुक केलं नाही, ते असो.

या रुबाबाला अक्का सरळ वाटेने पोचल्या नाहीत. तरुणपणी त्या एका मोठ्या संगीतकाराच्या वाद्यवृंदात लागल्या, शेवटच्या रांगेतलं शेवटचं व्हायोलिन. त्या संगीतकारांना सगळे मोठे मास्तर म्हणायचे. मास्तर गाणी फार सुरेख करायचे, पण पार्श्वसंगीताचा त्यांना कंटाळा. एका दुपारी भिंतीलगतच्या शेवटच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाले, त्या मुलीला सांगा, जरा बघून दे. अक्कांनी बघून दिलं. मग पुढच्या सिनेमाचंही बघून दिलं. असं करत करत मास्तरांच्या सगळ्या सिनेमांचं पार्श्वसंगीत अक्का 'बघून' द्यायला लागल्या आणि पडद्यावर नाव मास्तरांचं येत राहिलं. मास्तर वाईट नव्हते हो. कुणी पाहुणे आले की अक्कांच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, ही माझी मुलगीच. मुलगी म्हटलं की नाव बापाचंच लागतं, हे त्यांनी सोयीने धरलेलं होतं.

हे बरीच वर्षं चाललं. मग एका सिनेमाच्या शेवटच्या रिळाचं ध्वनिमुद्रण होतं. वादक वाद्यं जुळवून तयार, मास्तर हात वर करून तयार, पण वाजवायची पानं कुठेच नाहीत. मास्तरांनी विचारलं पानं कुठायत. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, म्हणाल्या, माझ्याखाली.

"मग ऊठ."

"नाव लिहा, उठते."

मास्तर आधी हसले. मग ओरडले. मग जवळ येऊन समजूत घालायला लागले, की अगं, तू उद्या लग्न करशील, तुझं नाव आडनाव सगळंच बदलेल, मग कशाला? नावाचं काय घेऊन बसलीस? अक्का म्हणाल्या, नाव अजून मिळालेलं नाही, सध्या पानं घेऊन बसलेय. इतका वेळ मागे एक ढेरपोट्या तुतारीवाला गुपचूप ऐकत होता. त्याने तुतारी पेटीत ठेवली, पेटीला कडी घातली आणि त्या पेटीवर बसला. मग व्हायोलिनवाल्यांनी गज मांडीवर ठेवले. दुपारपर्यंत मास्तरांनी नाव लिहून दिलं.

पडद्यावर ते नाव मुंगीएवढं आलं, पण आलं. कवळीभाऊ तेव्हा नवरा नव्हते, नवरा होण्याच्या खटपटीत होते. पहिल्या दिवशीचे सगळे खेळ त्यांनी बघितले. म्हणजे नाव येईपर्यंत बघायचे, आलं की उठायचे, बाहेर जाऊन पुढच्या खेळाचं तिकीट काढायचे. तो सिनेमा कशावर आहे हे त्यांना आजही माहीत नाही.

पुढचं तुम्ही कुठेकुठे वाचलंच असेल. अक्कांनी स्वतःचं काम सुरू केलं, मोठमोठ्या दिग्दर्शकांनी दाराची घंटा वाजवली, दाताचे साचे दाबायला पारितोषिकं आली. नाव मुंगीचं वाढत वाढत पोस्टरवर सिनेमाच्या नावाखाली जाऊन बसलं. तर आता आपण दाढीवाल्यापाशी येऊ.

दाढीवाला म्हणजे या नव्या सिनेमाचा दिग्दर्शक. वयाने अक्कांच्या मुलीएवढा, हुशार, दाढी मात्र आजोबांकडून आल्यासारखी. सिनेमा एका आईचा. त्यातला मुख्य प्रसंग असा : बाई हॉस्पिटलमधून एकटी घरी येते. मूल वाचलेलं नाही. ती रडत नाही, बोलत नाही. दोरीवर वाळत घातलेले त्या पोराचे कपडे एकेक करून काढते, घडी करते. बस. प्रसंग इतका साधा आणि इतका चांगला, की तो पहिल्यांदा आवाजाशिवाय बघून अक्का आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि कवळीभाऊंच्या शेजारी बसून बराच वेळ एक जबडा पुसत राहिल्या.

पण या धंद्यात एक रोग आहे. सिनेमाची जुळणी करताना रिकामं रिकामं वाटतं, म्हणून तोवर कुठलं तरी तयार संगीत मागे लावून ठेवतात. खरं आलं की हे काढायचं. दाढीवाल्याने एका परदेशी सिनेमाचं लावलं होतं, ज्यात एक प्रचंड जहाज बुडतं. शंभरेक वादकांचा नुसता कल्लोळ. ते महिनोन्‌महिने, दिवसातून पन्नासदा ऐकून त्याच्या हाडात मुरलं. मग अक्कांनी काहीही वाजवलं तरी तो दाढी खाजवत म्हणायचा, अक्का, छानच आहे, पण ते येत नाहीये. ते म्हणजे काय? ते जहाजातलं. तसंच हवंय, पण आपलं. अक्का म्हणाल्या, म्हणजे शेजाऱ्याचा सदरा, फक्त बटणं आपली.

त्या रात्री जेवताना हा विषय निघाला तेव्हा कवळीभाऊ महिन्याभराचं एकदम बोलले. म्हणाले, आमच्यातही असतं. खरी कवळी होईपर्यंत तात्पुरती देतो ना, काही पेशंट तिलाच धरून बसतात. खरी घातली की म्हणतात, टोचते. "मग तुम्ही काय करता?" अक्कांनी विचारलं. "तात्पुरती काढून घेतो," ते म्हणाले. "परत मागितली तर हरवली म्हणून सांगतो."

अक्कांना काही ते जहाज हरवता येईना. म्हणून त्यांनी दाढीवाल्यालाच आमच्या परीक्षेला बोलावलं. आम्ही खुर्च्यांवर, दाढीवाला आमच्या बाजूला स्टुलावर, अक्का चटईवर पडद्याला पाठ करून. आधी जहाजाचं संगीत लावलं. खोटं कशाला बोलू, आम्ही ढसाढसा रडलो. कंडक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पार्लरवालीने मेकअपची पर्वा केली नाही, आमच्या हिने माझ्या बाहीला नाक पुसलं. दाढीवाल्याचा चेहरा उजळला. मग अक्कांनी आपलं लावलं. एकटा चेलो. ती बाई चालते त्याच्या किंचित मागे राहून चालणारा, जणू तिच्याबरोबर घरात आणखी कुणीतरी लहान पावलांनी येतंय. शेवटचा कपडा काढला तिथे तो थांबतो. बाई थांबत नाही, ती घडी घालत राहते.

कुणी रडलं नाही. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

दाढीवाला म्हणाला, बघा, अक्का. पहिल्याला सगळे रडले. तुमच्याला एक डोळा ओला नाही.

अक्का म्हणाल्या, "रडत होते तेव्हा सगळ्यांच्या चपला हलत होत्या. हे शेजारचे तर पोटरी खाजवत रडत होते. माझ्या वेळी एक पाय हलला नाही. ते तुझ्याकडे रडून मोकळे होतील आणि बाहेर जाऊन भजी खातील. माझं घरी घेऊन जातील."

'शेजारचे' म्हणजे मी. डास चावला होता, असं मी तिथल्या तिथे सांगितलं, पण दखल घेतली गेली नाही. दाढीवाला पडद्याकडे बघत राहिला. त्याला पटलं होतं की नाही, देव जाणे. जाताना म्हणाला, बघतो. तुम्हाला कळवतो.

कळवलं कुणी, तर शेपटाने. शेपूट हे त्याचं आम्ही ठेवलेलं नाव. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. पूर्वी अक्कांचा मदतनीस म्हणून सतत त्यांच्या मागे असायचा, अलीकडे स्वतःची कामं शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. कवळीभाऊंना वाटलं दाढ दुखतेय, इतका चेहरा उतरलेला. मी त्या वेळी तिथे साखर मागायला गेलो होतो. मला साखर बंद आहे हे सुदैवाने कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेपूट जमिनीकडे बघत सांगायला लागला. दाढीवाल्याने आणि निर्मात्याने त्याला बोलावलं होतं. जहाजाच्या संगीतासारखंच, चोरी दिसणार नाही इतपत बदलून, त्याच्याकडून करून घेतलं होतं. ध्वनिमुद्रण झालं, सिनेमाला लागलंही. मधले सूर बदललेत, अक्का, वकिलाने तपासलंय, असं तो दोनदा म्हणाला.

"बरं," अक्का म्हणाल्या. "केलंस ते केलंस. नाव कुणाचं?"

"तुमचंच, अक्का. पोस्टरं छापून झालीत. ते म्हणाले, तुमचा मान आहे तसाच राहील."

"तुझं का नाही?"

शेपटाने मागे वळून जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मला नको. असल्या कामावर नाव आलं तर पुढे कुणी दारात उभं करेल का?"

अक्का एवढ्या मोठ्याने हसल्या, की बाहेरच्या फळीवरचे जबडे वाजले. मग हसणं थांबलं. "म्हणजे तुझं नाव जपून ठेवायचं," त्या म्हणाल्या, "आणि माझं भिंतीवर टांगायचं."

शेपूट रडायला लागला. अक्कांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की तुझं नाव माझ्या तोंडून कुठेही निघणार नाही. ते आजवर निघालेलं नाही. माझ्याही नाही; शेपूट हे काही नाव नव्हे.

आता गंमत बघा. एके काळी काम अक्कांचं असायचं आणि नाव दुसऱ्याचं. आता काम दुसऱ्याचं, तेही तिसऱ्याकडून उचललेलं, आणि नाव अक्कांचं. इमारतीत यावर खूप काथ्याकूट झाला. कंडक्टरसाहेबांचं मत, की फुकट नाव मिळतंय तर बसा की गप्प, पुढच्या स्टॉपला उतरा. लांबच्या शहरातून मुलीचा फोन आला, आई, या वयात कशाला वैर घेतेस, जाऊ दे ना. अक्का तिला म्हणाल्या, वय झालंय म्हणूनच. तरुण असते तर म्हटलं असतं, पुढच्या वेळी भांडू.

निर्मात्याच्या ऑफिसात त्यांना माझ्या गाडीने नेलं, म्हणून तिथलं सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. बाहेर रंगीत माशांची पेटी, आत थंडगार खोली, काचेचं भलंमोठं टेबल. भिंतीवर नवं पोस्टर, त्यावर ती बाई, कपड्यांची दोरी, आणि खाली अक्कांचं नाव, कधी नव्हे एवढं ठसठशीत. निर्माता उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली. माणूस गोड होता, इतका गोड की माझ्या डॉक्टरांनी बंदच केला असता.

अक्का म्हणाल्या, माझं संगीत परत लावा, नाहीतर माझं नाव काढा. दोन्हींतलं एक.

निर्माता म्हणाला, अक्का, करार झालेला आहे. अक्का म्हणाल्या, करारात माझं संगीत असं लिहिलंय, ते कुठाय? तो म्हणाला, तुमच्या नावावर लोक येतात. त्या म्हणाल्या, मग त्यांना तेच ऐकवा ज्याच्यासाठी येतात. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्याचा गोडवा आटला. म्हणाला, स्पष्ट बोलू का? सिनेमा बघताना पार्श्वसंगीत ऐकतो कोण? तुमचं काय आणि त्याचं काय, कुणाला कळणारेय? उगाच ताणलंत तर पुढे कुणी काम द्यायचं नाही, हे मी धमकी म्हणून नाही, आपुलकीने सांगतोय.

दाढीवाला टेबलाच्या पलीकडे बसला होता. चेहरा शांत, जसं काही त्याचा संबंधच नाही. पण टेबल काचेचं. खाली त्याचा पाय शिवणयंत्रासारखा चालला होता. अक्कांनी तो बघितला, मग त्याच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, तुला कळतंय." त्याने पाय आखडून घेतला.

मग अक्का उठल्या. निर्मात्याला म्हणाल्या, नाव ठेवायचं तर ठेवा. पहिल्या खेळाला मी थिएटरच्या दारात बसेन आणि तिकीट घेऊन आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, हे माझं नाही. दुसऱ्या खेळालाही सांगेन. खुर्ची घरून आणेन, तुम्हाला त्रास नको.

निर्माता माझ्याकडे वळला, कारण खोलीत एवढा एकच माणूस होता ज्याचा काही स्वार्थ नव्हता. खरंच बसतील का हो या? मी म्हटलं, साहेब, मास्तरांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. तो पानांवर बसल्याचा किस्सा त्या धंद्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. निर्मात्याने कॉफी अर्धी टाकली आणि फोन उचलला.

अशी नाव जाण्याची कथा. पण इतक्या घाईत ते खोडलं गेलं, की पडद्यावरचं नुसतं नाव गेलं, वरचा शब्द राहून गेला. आम्ही सगळी इमारत पहिल्या खेळाला गेलो होतो, अक्का सोडून. पडद्यावर 'पार्श्वसंगीत' असं आलं आणि त्याखाली काहीच नाही. काळाकुट्ट पडदा. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आणि आमच्या रांगेत कवळीभाऊ उभे राहून एकटेच टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या बाईने वळून दटावलं, की अहो, अजून काही झालं पण नाही. कवळीभाऊंनी मान डोलावली, टाळ्या पुऱ्या केल्या आणि मग बाहेर निघून गेले.

सिनेमा जोरात चालला. तुम्ही म्हणाल, असं कसं, पडायला हवा होता. नाही पडला. कपड्यांच्या दोरीपाशी अख्खं थिएटर रडलं, मीही रडलो, आणि आमच्या हिने माझ्या हलत्या पायाला चिमटा काढला. दाढीवाल्याचे फोटो जिकडेतिकडे आले. अक्कांचा फोन मात्र थंडावला. हातातली दोन कामं होती, त्यांची माणसं 'अक्का, तुम्ही आता तब्येतीला जपा' म्हणत हळूच मागे सरली. हात थरथरतात, कान गेले, ही बातमी आमच्या जिन्याने बनवली म्हणून मी त्याला उगाच बोल लावला. ती निर्मात्याकडूनच पाठवलेली होती, आपुलकीने.

अक्का रोज सकाळी आतल्या खोलीत बसून तासन्‌तास वाजवतात. पडदा बंद असतो. मी एकदा विचारलं, की तो चेलोचा तुकडा दुसऱ्या कुठल्या सिनेमाला देऊन टाका की, एवढा चांगला पडून आहे. म्हणाल्या, तो त्या बाईच्या पायांचा आहे, दुसऱ्या कुणाला होणार नाही. बाहेरच्या खोलीतून कवळीभाऊंचा आवाज आला, बरोबर.

मागच्या आठवड्यात एका वर्तमानपत्राची मुलगी आली. कवळीभाऊंनी आधी तिचे दात बघितले, ठीक आहेत म्हणाले, मग आत सोडलं. मी होतोच, वाटी परत करायला गेलो होतो. मुलगी चांगली होती पण बिचकत होती. अडखळत म्हणाली, की तुम्हाला त्या सिनेमातून काढून टाकलं असं सगळीकडे बोलतात, आता कामही येत नाही म्हणतात, तर तुम्ही निवृत्त झालात असं लिहू का?

अक्का म्हणाल्या, "काढायला मी त्यात होते कुठे? माझं संगीत असतं, तर माझं नाव त्यांच्या बापालाही काढता आलं नसतं. आणि निवृत्त लिहू नको. मोकळी आहे, असं लिही. ज्याच्याकडे चांगला सिनेमा असेल त्याने यावं, येताना उसनं संगीत घरी ठेवून यावं."